जुनी कंपनी आणि चपळ कारभार

‘ॲजाइल’ हा शब्द गेली काही वर्षे आपल्या कानांवर वरचेवर पडू लागला आहे. घरातील मुलगा किंवा सून संगणकाच्या एखाद्या कंपनीत असेल तर जेवताना हा शब्द निघतो. सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरीस असलेला शेजारी सांगतो की, आमच्याकडेही आता ‘ॲजाइल’ आणावयाचे ठरले आहे. दोन दिवसांचे शिबिर झाले आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या. मराठीत या शब्दाला ‘चपळ’ म्हणता येईल. पण चपळ म्हणजे नेमके काय, चपळ कोणी व्हावयाचे, आणि पन्नास-साठ वर्षे एका ठरलेल्या रीतीने चाललेल्या कंपनीला ते साधते की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली नसतात. ती शोधून पाहावी, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

हा विषय कारखानदारांचा आहे, आपणांस त्याचे काय, असे मात्र कोणी म्हणू नये. एके काळी नाशिकचे नाव घेतले की गोदावरीचे स्नान, त्र्यंबकेश्वर आणि द्राक्षे एवढेच लोकांना आठवे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत या गावाचा चेहरा पालटला. मोठ्या कारखान्यांच्या भोवती त्यांना सुटे भाग पुरविणारी शेकडो लहान वर्कशॉपे उभी राहिली, आणि त्या वर्कशॉपांच्या आधारावर सिडको, सातपूर, इंदिरानगर यांसारख्या वस्त्यांतील घरे उभी राहिली. कारखाना बदलत्या काळाशी जुळवून घेऊ शकला नाही, तर त्याचा धक्का आधी लेथवर उभ्या असलेल्या माणसाला बसतो, मग त्याच्या मुलाच्या शिक्षणाला, आणि मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही. म्हणून हा प्रश्न जितका कारखान्याचा, तितकाच गावाचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात आधीच सांगून टाकतो. चपळपणा म्हणजे घाई नव्हे, आणि नवी यंत्रसामग्रीही नव्हे. ज्याला कामातील अडचण प्रथम दिसते, त्याला ती दूर करण्याचा अधिकार देणे, आणि काम थोडे थोडे करून, दाखवून, सुधारून पुढे नेणे, याचे नाव चपळपणा. तो जुन्या कंपनीत येऊ शकतो. पण वरिष्ठांनी आपल्या हातातील काही अधिकार खरोखर सोडल्यावाचून तो येत नाही.

आता जुन्या रीतीविषयी आधी न्यायाने बोलले पाहिजे. विचार करणारे वेगळे आणि हाताने काम करणारे वेगळे, अशी वाटणी करणारी व्यवस्था मूर्खांनी निर्माण केलेली नव्हती. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या अभियंत्याने १९११ साली ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. प्रत्येक कामाचे बारीक भाग पाडावेत, प्रत्येक भागाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे, सर्वांत चांगली रीत तज्ज्ञाने ठरवावी आणि कामगाराने ती पाळावी, असा त्याचा विचार होता. खेड्यातून नुकत्याच आलेल्या, यंत्र कधी न पाहिलेल्या हजारो माणसांकडून एकसारखा माल काढून घ्यावयाचा, तर या रीतीचा मोठाच उपयोग झाला.

आपल्याकडे या रीतीला आणखी एका गोष्टीचे पाठबळ मिळाले. स्वातंत्र्यानंतरची चाळीस वर्षे आपल्या उद्योगांवर परवान्यांचे राज्य होते. किती माल काढावयाचा हे सरकारी परवान्यात लिहिलेले असे. स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत असत. गिऱ्हाईक दाराशी रांग लावून उभे असताना त्याला काय हवे आहे हे विचारण्याची गरज कोणालाच पडत नव्हती. अशा काळात कंपनीचे यश परवाना, कच्चा माल आणि शिस्त या तीन गोष्टींवर अवलंबून होते. वरून हुकूम यावा, खाली तो पाळला जावा, कागदावर शेरा पडावा आणि फाईल पुढच्या टेबलावर जावी, हा क्रम त्या काळाला शोभणाराच होता.

१९९१ साली परवान्यांचा हा बांध फुटला. परदेशी माल आला, नवे प्रतिस्पर्धी आले, आणि रांगेत उभे असलेले गिऱ्हाईक रांग सोडून दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. जी व्यवस्था न बदलणाऱ्या जगासाठी बांधलेली होती, तिला रोज बदलणाऱ्या जगात काम करण्याची पाळी आली.

अडचण कोठे येते ते एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, एका कारखान्यात नवा भाग बनवावयाचा आहे. आराखडा खात्याने ड्रॉइंग काढले आणि ते टूलरूमकडे पाठविले. टूलरूमने डाय बनवून ती उत्पादनाकडे पाठविली. पहिल्याच पाळीत प्रेसवरच्या कामगाराच्या लक्षात आले की, एका कोपऱ्याची गोलाई फार कमी असल्यामुळे पत्रा तेथे फाटतो. त्याने सुपरवायझरला सांगितले. सुपरवायझर म्हणाला, “ड्रॉइंग मंजूर आहे, आपण काय करणार?” तरी त्याने चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी खातेप्रमुखाकडे गेली, तेथून दुसऱ्या खातेप्रमुखाकडे गेली, आणि महिन्याच्या बैठकीत निघाली. तोवर डायचे पैसे खर्च होऊन गेले होते, आणि रिजेक्शनचा ढीग शेडच्या मागे पडला होता. येथे आळशी कोणीही नाही. ज्ञान खाली उत्पन्न झाले, अधिकार वर होता, आणि दोहोंमध्ये एक महिन्याचे अंतर होते. सारे नुकसान त्या अंतरात झाले.

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. आपल्या जिल्ह्यातील द्राक्ष-बागाईतदार ऑक्टोबरची छाटणी घेतो तेव्हा पुढच्या चार महिन्यांचा आराखडा त्याच्या डोक्यात तयार असतो. विरळणी केव्हा, फवारणी कोणती, घड केव्हा उतरवावयाचे, हे तो दिवस मोजून सांगतो. पण तरीही तो रोज सकाळी बागेत जातो आणि पान उलटून पाहतो. अवकाळी पाऊस झाला, दव जास्त पडले आणि केवड्याचा पहिला ठिपका दिसला, की तो त्याच दिवशी आपला बेत बदलतो. या फवारणीसाठी त्याला गावाबाहेरच्या एखाद्या साहेबाची मंजुरी घ्यावी लागती, तर मंजुरी येईपर्यंत बाग हातची गेली असती. त्याच्याजवळ योजना आहे, शिस्त आहे, आणि योजना बदलण्याचा अधिकारही आहे. या तिहींचा मेळ म्हणजेच चपळ कारभार होय.

आता हा विचार उद्योगात कसा आला ते पाहू. त्याची एक मोठी शाखा जपानात आहे, आणि तिचा उगम मोटारीत नसून हातमाग-यंत्रमागात आहे, हे ऐकून येवले-मालेगावच्या लोकांना कौतुक वाटेल. साकिची टोयोडा या जपानी संशोधकाने जो स्वयंचलित माग १९२४ साली पूर्णत्वास नेला, त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे त्याच घराण्याच्या मोटार-कारखान्यात हेच तत्त्व माणसांच्या हाती देण्यात आले. मोटारी जुळविणाऱ्या साखळीवरच्या कोणत्याही कामगाराला दोष दिसला की त्याने डोक्यावरची दोरी ओढावी, म्हणजे गटप्रमुख धावत येतो, आणि दोष लगेच निघाला नाही तर साखळी थांबते. साखळी थांबविणे म्हणजे मोठे नुकसान. आणि ते करण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाला! जुन्या रीतीच्या मॅनेजरला हे ऐकूनच घाम फुटावा.

१९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या मासिकात एक लेख लिहिला. नवा माल लवकर आणि चांगला तयार करणाऱ्या कंपन्या काय करतात, याचा त्यांनी शोध घेतला होता. त्यांचे म्हणणे असे की, जुन्या कंपन्यांत काम रिले-शर्यतीसारखे चालते. एक खाते धावते, काठी दुसऱ्याच्या हाती देते आणि बाजूला होते. नव्या कंपन्यांत ते रग्बीच्या खेळासारखे चालते. सारा संघ एकत्र धावतो आणि चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकतो. रग्बी आपल्या परिचयाची नाही, पण कबड्डी आहे. चढाई करणारा आत शिरला की सात जणांची साखळी एकत्र हलते. कोपऱ्यावरच्या खेळाडूने घोट्याला पकड घालावयाची की नाही, हे तो कप्तानाला विचारावयास जात नाही. तो पकड घालतो, आणि बाकीचे सहा जण त्याच क्षणी त्याच्या मदतीला येतात. कप्तान निरुपयोगी असतो असे नव्हे. त्याचे काम सामन्यापूर्वीच्या सरावात झालेले असते.

त्याच लेखातील रग्बीच्या ‘स्क्रम’ या शब्दावरून संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आपल्या एका कार्यपद्धतीस नाव दिले आणि १९९५ साली ती जाहीरपणे मांडली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा संस्थानात बर्फाच्या डोंगरावर सतरा जण जमले आणि त्यांनी चार ओळींचा एक जाहीरनामा तयार केला. ‘ॲजाइल’ हा शब्द या अर्थाने तेथून रूढ झाला. ठरलेल्या प्रक्रियेपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाचे सहकार्य, आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला दिलेले उत्तर यांना अधिक मोल द्यावे, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या गोष्टींना मोल नाही असे त्यांनी म्हटलेले नाही. पहिल्यांना अधिक आहे, एवढेच म्हटले आहे. हा बारकावा पुष्कळ जण विसरतात.

प्रत्यक्षात काय करतात? पाच ते नऊ माणसांचा एक गट असतो. कामाला लागणाऱ्या सर्व विद्या त्या गटातच असतात. करावयाच्या कामांची यादी महत्त्वाच्या क्रमाने लावलेली असते आणि ती सर्वांना दिसेल अशी भिंतीवर असते. गिऱ्हाइकाच्या वतीने क्रम ठरविणारा एक माणूस नेमलेला असतो. साधारण दोन आठवड्यांत संपेल एवढेच काम गट आपण होऊन उचलतो. रोज पंधरा मिनिटे सर्व जण उभ्यानेच भेटतात. काल काय झाले, आज काय करावयाचे, अडले कोठे, एवढेच बोलतात. दोन आठवडे संपले की झालेले काम, अपुरे असले तरी, गिऱ्हाइकाला दाखवितात. मग आपापसांत बसून विचारतात की, पुढच्या खेपेस आपण कोणती एक गोष्ट सुधारू? बस्स, इतकेच. यात गूढ असे काहीच नाही. अवघड आहे ते त्यामागील सत्तेचे वाटप.

असे वाटप जुन्या कंपनीत होऊ शकते काय? याचे उत्तर शोधावयास आपणांस दूर जावे लागत नाही. महिंद्र आणि महिंद्र ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर तिने विलिस जीपची जुळणी हाती घेतली, आणि पुढे अनेक वर्षे जीप व ट्रॅक्टर हाच तिचा मुख्य माल होता. खात्यांची उतरंड, कामगार-संघटनांशी ठरलेले करारमदार आणि मागणी हमखास असलेला माल अशी ती जुन्या वळणाची कंपनी होती. १९९० नंतरच्या दशकात तिने आपल्या कामाची पुनर्रचना हाती घेतली. आपल्या जिल्ह्यातील इगतपुरीच्या इंजिन-कारखान्यातही ती झाली, आणि ती विरोधावाचून झाली नाही. त्याच सुमारास फोर्ड कंपनीशी भागीदारी होऊन १९९६ पासून नाशिकमध्ये ‘एस्कॉर्ट’ मोटारीची जुळणी सुरू झाली, आणि परदेशी कंपनी मोटार कशी घडविते हे आपल्या माणसांना जवळून पाहता आले.

त्यानंतर कंपनीने एक धाडस केले. संपूर्ण नवी मोटार आपली आपणच तयार करावयाची, असे तिने ठरविले. या कामाचे नेतृत्व पवन गोएंका यांच्याकडे होते. ते अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात काम करून १९९३ साली महिंद्रमध्ये आले होते, आणि तेव्हा कंपनीचे संशोधन-केंद्र नाशिकला होते. जुन्या रीतीप्रमाणे हे काम आराखडा खात्याने सुरू करून एकेका खात्याकडे ढकलावयाचे. तसे केले गेले नाही. सुमारे १२० जणांचा चमू निवडून त्याचे एकोणीस गट पाडण्यात आले. प्रत्येक गटात आराखडा करणारा, उत्पादन करणारा, खरेदी पाहणारा, दर्जा तपासणारा आणि विक्रीची जाण असलेला, असे सारे एकत्र बसले. आराखडा आणि उत्पादन ही दोन कामे एकामागून एक न करता बरोबरच करावयाची, हे सूत्र होते. सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्यांनाही केवळ ड्रॉइंग पाठवून माल मागविला गेला नाही. आपापल्या भागाच्या आराखड्याची जबाबदारी त्यांनाही आरंभापासून देण्यात आली.

ही मोटार जून २००२ मध्ये ‘स्कॉर्पिओ’ या नावाने बाजारात आली, आणि ती नाशिकमध्येच तयार होऊ लागली. तिच्यावर साडेपाचशे ते सहाशे कोटी रुपये खर्च झाला. संपूर्ण नव्या मोटारीसाठी परदेशी कंपन्या त्या काळात जी रक्कम खर्च करीत, तिच्या मानाने हा आकडा फार लहान होता. तिच्या यशाने कंपनीचा लौकिक पालटला, हे सर्वश्रुत आहे. ध्यानात ठेवावयाचे ते हे की, युटामधील जाहीरनामा लिहिला गेला तेव्हा स्कॉर्पिओचे काम संपत आले होते; येथे कोणाच्याही तोंडी ‘ॲजाइल’ हा शब्द नव्हता. शब्द नव्हता, पण गोष्ट होती. आज पुष्कळ ठिकाणी उलट झाले आहे.

येथे एक शंका घेतली जाईल. ते तरुण, निवडक अभियंते होते. साखळीवर वीस वर्षे काढलेल्या कामगाराला, संघटनेला आणि जुन्या फोरमनला हे कसे जमावे? “आमची माणसे तशी नाहीत,” हे वाक्य आपण अनेक मालकांच्या तोंडून ऐकतो. त्याला इतिहासानेच एक उत्तर दिले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया संस्थानात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, तंटे आणि सदोष मोटारी यांबद्दल त्याची फार अपकीर्ती होती. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी तेच होते आणि संघटनाही तीच होती. काहींना जपानला पाठवून काम दाखवून आणले, लहान गट केले आणि डोक्यावरची दोरी त्यांच्या हाती दिली. थोड्याच काळात त्या कारखान्याच्या मोटारी अमेरिकेतील उत्तम मोटारींत गणल्या जाऊ लागल्या, आणि गैरहजेरी एकदम खाली आली.

त्या गोष्टीतील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. पुढे १९८८ च्या सुमारास मोटारींचा खप घटला आणि कारखान्याला पुरेसे काम उरले नाही. तरीही कोणाला काढून टाकले गेले नाही. रिकाम्या वेळात कामगारांना शिक्षण देण्यात आले. सुधारणा सुचविली तर आपलीच नोकरी जाईल, अशी भीती ज्याच्या मनात आहे तो कामगार सुधारणा कशाला सुचवील? विश्वास ही येथे शोभेची वस्तू नसून कामाचे हत्यार आहे.

आता जुन्या कंपनीने आरंभ कसा करावा, हे सांगतो.

पहिली गोष्ट, सारी कंपनी एका दिवसात पालटण्याचा हट्ट धरू नये. एक काम निवडावे. ते खरे असावे, निकडीचे असावे, आणि चार-सहा महिन्यांत ज्याचे फळ दिसेल असे असावे. बिनमहत्त्वाचे काम निवडले तर यश आले तरी कोणी विश्वास ठेवीत नाही. सारे एकदम बदलणाऱ्या कंपन्याही आहेत. नेदरलँड्समधील आय.एन.जी. या बँकेने २०१५ साली आपल्या मुख्य कचेरीतील सुमारे साडेतीन हजार माणसांची जुनी खाती मोडून लहान लहान गट केले, आणि कर्मचाऱ्यांना नव्या जागांसाठी पुन्हा अर्ज करावयास लावले. पण तो मार्ग सर्वांस झेपणारा नाही, आणि आपल्याकडील कुटुंबवत्सल कंपनीला तर तो रुचणारही नाही.

दुसरी गोष्ट, गटाला अधिकार द्यावयाचे ते आकड्यांत, लेखी आणि जाहीरपणे द्यावेत. “तुम्हांला मोकळीक आहे” हे वाक्य हवेत विरून जाते. “पन्नास हजार रुपयांपर्यंतचा खर्च विचारल्यावाचून करा, याच्या पुढे विचारा, सुरक्षिततेच्या नियमाला मात्र हात लावू नका,” असे सांगितले म्हणजे मोकळीक आणि मर्यादा दोन्ही समजतात.

तिसरी गोष्ट मधल्या अधिकाऱ्याची आहे, आणि सारे घोडे बहुधा येथेच अडते. मालकाला बदल हवा असतो, तरुणांना तो हवाच असतो. भीती वाटते ती पंचवीस वर्षे काढून खातेप्रमुख झालेल्या गृहस्थाला. त्याला हसू नये. त्याची प्रतिष्ठा सहीत होती. सही गेली तर मी कोण, हा त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला नवे काम स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. गटाच्या वाटेतील अडथळे दूर करणे, दोन गटांतील तंटा सोडविणे, आणि आपल्याजवळचे ज्ञान धाकट्यांना शिकविणे हे ते काम होय. कोणता साचा कोणत्या उन्हाळ्यात का बिघडला होता, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक असते? बढती आणि पगारवाढीचे निकषही याच कामाला धरून बदलले पाहिजेत. नाहीतर तोंडाने गट आणि बक्षीस मात्र एकट्याला, असा प्रकार होतो.

चौथी गोष्ट, कामगार-संघटनेला आरंभापासून बरोबर घ्यावे, आणि नोकरीविषयी काय कबूल करता येईल ते प्रामाणिकपणे सांगावे. पाळता येणार नाही ते वचन देऊ नये.

पाचवी गोष्ट दिसावयास लहान आहे. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला साहेबांचे पहिले वाक्य काय ऐकू येते, ते पाहावे. “हे कोणी केले?” असे ते वाक्य असेल, तर पुढच्या वेळी बातमी येणार नाही. “बरे झाले, आजच समजले, आता काय करू या?” असे असेल, तर ती रोज येईल. भिंतीवरच्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षा या एका वाक्याने कंपनी अधिक बदलते.

लहान वर्कशॉपांविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या गावात त्यांची संख्या मोठी आहे. पंधरा माणसांचे वर्कशॉप लहान असल्यामुळे आपोआप चपळ असते, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. तेथे पुष्कळदा सारे निर्णय एकट्या मालकाच्या डोक्यात असतात. शेठ मुंबईला गेले की कामही मुंबईला जाते. मुलगा अभियंता होऊन आला तरी दहा वर्षे तो ‘छोटे शेठ’च राहतो, आणि वडिलांना विचारल्यावाचून बोल्टही बदलीत नाही. अशा ठिकाणी वडिलांनी एक गिऱ्हाईक किंवा एक यंत्र, नफ्या-तोट्यासह, मुलाच्या आणि दोन कारागिरांच्या हाती पूर्णपणे सोपवावे आणि सहा महिने मध्ये पडू नये. यापेक्षा मोठी दीक्षा नाही.

आता चपळपणा कोठे नको, तेही सांगितले पाहिजे. नाशिक रोडला चलनी नोटा छापणारा छापखाना आहे. ओझरला विमाने घडविणारा कारखाना आहे. आधी थोड्या नोटा बाजारात सोडून पाहू, चूक निघाली तर पुढच्या पंधरवड्यात सुधारू, असे तेथे म्हणता येणार नाही. जेथे चुकीची किंमत माणसाच्या प्राणाने किंवा सार्वजनिक विश्वासाने द्यावी लागते, तेथे ठरलेली रीत, दुहेरी तपासणी आणि लेखी नोंद यांना पर्याय नाही. मात्र तेथेही दोष दिसताच काम थांबविण्याचा अधिकार खालच्या माणसाला असलाच पाहिजे. किंबहुना तेथे तो अधिकच असला पाहिजे. शिस्त आणि चपळपणा यांचे वैर नाही. वैर आहे ते चपळपणा आणि भीती यांचे.

सर्वांत मोठा धोका ढोंगाचा आहे. सकाळची उभ्याने बैठक होते, पण ती साहेबांना हजेरी देण्यासाठी. यादी भिंतीवर लागते, पण तिचा क्रम वरून येतो. दोन आठवड्यांचा हिशेब होतो, पण तो चाबूक म्हणून वापरला जातो. आधी महिन्यातून एकदा मिळणारी बोलणी आता पंधरवड्याला मिळतात. अशा ठिकाणी कामगार म्हणतो की, हे नाव नवे आणि ओझे जुने. त्याचे काही चुकत नाही. आपल्या कंपनीतील चपळपणा खरा की खोटा, हे ओळखावयाचे असेल तर एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात खालच्या कोणत्या माणसाने कोणता निर्णय वरच्यांना न विचारता घेतला, आणि तो फसला तेव्हा त्याचे काय झाले?

श्रोतेहो, या गोष्टीला सवड फारशी नाही. १ एप्रिल २०२० रोजी आपल्या देशाने मोटारींच्या धुराचे नियम चौथ्या पायरीवरून एकदम सहाव्या पायरीवर नेले, आणि डिझेल-इंजिनांच्या भागांवर ज्यांचे पोट होते त्यांना रातोरात नवी विद्या शिकावी लागली. आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांत इंजिन नाही, म्हणून नोझल नाही, पिस्टन नाही, धूर सोडणारी नळीही नाही. हे भाग करण्यात ज्यांची हयात गेली ते कारागीर आपल्याच गावात आहेत. त्यांच्या हातातील कसब जाणार नाही. हजारांश मिलिमीटरपर्यंत अचूक काम करणारा हात कोणत्याही काळात मोलाचाच असतो. पण उद्या त्या हाताने काय घडवावयाचे, हे वर्षाच्या बैठकीत ठरवून चालणार नाही. ते नमुने करून, दाखवून, मोडून, पुन्हा करून शोधावे लागेल, आणि ते शोधणाऱ्यांत तो हात स्वतः असला पाहिजे.

कंपन्यांच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, आपण उभे केलेले काम टिकावे अशी आपली इच्छा असेल, तर ते आपल्यावाचून चालावयास शिकले पाहिजे. आणि जे तरुण आज त्या कारखान्यांत आहेत, त्यांनी अधिकार मागताना जबाबदारीही मागून घ्यावी. एकाने हात सैल करावा आणि दुसऱ्याने हात पुढे करावा, तेव्हाच काम एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते.